सात ठशांखाली माझी सही

ती घटना आजही आठवते, असे लिहून सुरुवात करायची आम्हा निवृत्त पोलिसांची रीत आहे. बहुतेकांना पकडलेला चोर आठवतो. मला एका बाईच्या डाव्या अंगठ्याचा ठसा आठवतो, आणि तो आठवला की जेवताना घास तोंडात फिरत राहतो.

सौंसर-पांढुर्णा पट्ट्यात मी तीन ठाणी सांभाळली. त्यातले हे कोणते ते सांगत नाही, माणसांची नावेही लिहीत नाही. पांढुर्णा तेव्हा जिल्हा झाला नव्हता. कुठल्याही मोठ्या कागदासाठी बसने घाट चढून जिल्ह्याचे गाव गाठावे लागे. एवढे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

आधी एका रजिस्टरची ओळख करून देतो, कारण सगळे प्रकरण त्याच्याभोवती फिरते. वरून हुकूम होता की ठाण्याच्या हद्दीतल्या म्हाताऱ्या, अपंग आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांची यादी ठेवायची. बीटच्या आरक्षकाने, म्हणजे त्या भागाच्या शिपायाने, महिन्यातून एकदा प्रत्येकाच्या घरी जायचे, काय हवे-नको ते विचारायचे, रजिस्टरवर सही नाहीतर डावा अंगठा घ्यायचा. खाली ठाणेदाराची, म्हणजे माझी सही, आणि महिन्याचा अहवाल तहसिलीला. हुकूम चांगला होता. पण संत्र्याचा हंगाम लागला की रस्त्यावर ट्रकांची रांग, बाजारात भांडणे, त्यात सणासुदीचा बंदोबस्त. हाताशी मूठभर शिपाई आणि गावे ढीगभर. एका सकाळी हजेरीच्या वेळी बीटच्या आरक्षकाने विचारले, "साहेब, इतक्या घरी जाऊ कवा?"

मी मोठ्या हुशारीने तोड काढली. "घरोघरी कायले फिरतं? वाटपाच्या दिवशी रेशनच्या दुकानावर सारं गाव येते. तिथंच टेबल टाक, अंगठे घे अन् मोकळा हो."

सगळे हसले. आपण फार व्यवहारी साहेब आहोत असे मलाही वाटले. ज्याला रेशनच्या दुकानापर्यंत चालत येता येते त्याच्यासाठी तो हुकूम नव्हताच, ही साधी गोष्ट एवढी वर्षे नोकरी करून माझ्या टाळक्यात शिरली नाही. पुढचे कित्येक महिने अंगठे येत गेले आणि मी चहा पिता पिता त्याखाली सह्या करत गेलो.

कापूस वेचणीचे दिवस होते. सकाळी दहाच्या सुमारास एक निवृत्त गुरुजी ठाण्यात आले. माणूस नीटनेटका, खिशाला पेन. आवाज खाली करून म्हणाले, "साहेब, माह्या घरासमोर एक बाई राहते. नवरा संत्र्याच्या ट्रकवर ड्रायव्हर, महिना महिना घरी येत नाही. ही बाई बुढ्या सासूले कोंडून बाहेर जाते. बुढी आतून दार ठोकून राहते दिवसभर. आज तं कुलूप लावलं, साजरं लुगडं नेसली अन् सकाळच्या बसमध्ये बसून गेली बाप्पा."

"कुठं गेली?"

"आता ते काय आपल्याले सांगून जाईन?" गुरुजी म्हणाले आणि अर्थपूर्ण हसले. खबरी जेव्हा असा हसतो, तेव्हा त्याला माहिती कमी आणि हौस जास्त असते. हे मी नव्या पोरांना शिकवत असे. त्या दिवशी मीही गुरुजींबरोबर हसलो.

ठाण्याच्या कारकुनाला, म्हणजे मुन्शीला, रोजनामच्यात नोंद घ्यायला सांगितली आणि बीटचा आरक्षक व एक महिला आरक्षक घेऊन निघालो. बीटच्या आरक्षकाची एरवी टकळी चालू असायची. जीपमध्ये तो एक शब्द बोलला नाही. मला वाटले, घरून भांडून आला असेल.

गल्लीत गर्दी जमलीच होती. त्यातलेच दोघे पंच घेतले आणि कुलूप तोडले. आत खाटेवर एक वाळलेली म्हातारी बसली होती. कमरेला जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचा दोर आणि त्याचे दुसरे टोक खाटेच्या पायाला. आम्हाला पाहताच ती किंचाळली. महिला आरक्षक हात धरायला जाताच तिने तिला बोचकारले. बाहेरच्या बाया पदर तोंडाला लावून म्हणू लागल्या, "पाय वो, जनावरासारखी बांधली." माझे रक्त तापले. मी पंचनामा सांगत गेलो आणि आरक्षक लिहीत गेला: खोली झाडलेली, म्हातारीचे कपडे धुतलेले, केस विंचरलेले, उशाशी पाण्याचा तांब्या, दोर मोरीपर्यंत पुरेल एवढा लांब, कमरेच्या गाठीला आतून कापूस लावलेला. एकूण एक गोष्ट मी डोळ्याने पाहिली आणि तोंडाने सांगितली. एकीचाही अर्थ लावला नाही. मला फक्त दोर दिसत होता.

म्हातारीला सरकारी दवाखान्यात हलवले. सून आली की तिच्यावर गुन्हा दाखल करायचा आणि म्हातारीची रवानगी वृद्धाश्रमात करायची, असे मी जीपजवळ उभा राहून गल्लीला सांगितले. लोकांनी माना डोलावल्या. खोटे कशाला बोलू, छाती फुगली होती.

दुपारी चारच्या बसने ती सून उतरली आणि तुटलेले कुलूप पाहून धावतच ठाण्यात आली. पस्तिशीची असेल, सावळी, उन्हाने रापलेली. गुरुजींनी सांगितलेले साजरे लुगडे घामाने अंगाला चिकटले होते. मी तिला दोन तास बाकावर बसवून ठेवले. वाट पाहून माणूस मऊ होतो, ही आमची जुनी युक्ती. दोन तासांत तिने महिला आरक्षकाला एकच प्रश्न चार वेळा विचारला, बुढी जेवली काय? मी मनात म्हटले, बाई नाटकी आहे.

मग समोर बोलावले. महिला आरक्षक बाजूला बसली, बीटचा आरक्षक दारात उभा राहिला.

"कुठं गेली होतीस?"

"जिल्ह्याले, साहेब. डॉक्टरच्या बोर्डात. बुढीच्या अपंगाच्या सर्टिफिकीटसाठी."

"खोटं नको बोलू. साजरं लुगडं नेसून बोर्डात जातेस?"

"फाटक्या लुगड्यानं गेली तं खिडकीवरचा माणूस वर पायत नाही," ती म्हणाली. "साहेब, बुढी जेवली काय? तिच्या समोर आपण पयले एक घास खा लागते, मंग खाते ती. नाही तं तिले वाटते जहर घातलं."

"तिच्या जेवणाचं तू नको पाहू."

तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. म्हातारीने ताट उडवले होते, नर्सला चावली होती आणि 'माय कुठं गेली, माह्या मायले आणा' म्हणून ओरडत होती. मी फोन ठेवला आणि टेबलावर हात आपटला. "पाय! तुह्या छळापायी तिले मेलेली माय आठवून राहिली."

ती खाली मान घालून म्हणाली, "मले म्हणते माय. दोन वर्षं झाले. सून कोण, पोरगा कोण, काहीच वळखत नाही. मले तेवढं माय म्हणते."

शहाणा माणूस तिथेच थांबला असता. पण माझ्या हातात हुकमाचे पान होते, आणि रेशनच्या दुकानाची आपलीच तोड मी सोयीने विसरलो होतो. मी मुन्शीकडून ते रजिस्टर मागवले, तिच्यापुढे उघडले आणि बोट ठेवून म्हणालो, "हे पाय. दर महिन्याले पोलीस तुह्या घरी येतात. सात महिन्यांचे सात अंगठे आहेत बुढीचे. बाजूले शेरा आहे, वृद्धा ठीक, चालती-फिरती. मागच्या महिन्यापर्यंत चालती-फिरती होती अन् आज दोरानं बांधली? काय केलं तू तिले?"

तिने रजिस्टरकडे पाहिले, मग दारातल्या आरक्षकाकडे. तो जमिनीकडे पाहत होता. तिने पिशवीतून प्लास्टिकची एक पन्नी काढली, पन्नीतून घडी केलेला कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. सासूला बोर्डासमोर नेता येत नाही, डॉक्टरांनी घरी येऊन तपासावे, असा तो अर्ज होता. त्यावर तहसिलीचा आडवा शेरा मारलेला होता. आमच्याकडचे सरकारी लिहिणे हिंदीतच, शेऱ्याचा अर्थ असा: ठाण्याच्या मासिक अहवालानुसार वृद्धा चालती-फिरती असल्याने घरी तपासणीची गरज नाही, अर्जदाराने तिला स्वतः बोर्डासमोर आणावे.

मी तो शेरा दोनदा वाचला.

"एकदा नेली होती बसनं," ती बोलू लागली. आवाज चढलेला नव्हता. "घाटात चालत्या गाडीतून खुरडत उतरून राहिली होती. कंडक्टरनं दोघीले खाली उतरवलं, भर उन्हात. मंग अर्ज केला. तं हे लिहून आलं. तीन चक्कर झाले साहेब. सारे एकच म्हणते, तुमचे पोलीसच म्हणते बुढी चालते-फिरते. दोनदा घरातून तशीच खुरडत निघून गेली ती, एकदा विहिरीच्या काठावर भेटली. म्हणून बांधतो. मी कापूस वेचाले गेली तं तिच्याजवळ कोण बसन? नवरा म्हणते, होत नसन तं टाकू आश्रमात. मी म्हटलं, थांबा, सर्टिफिकीट भेटलं तं दवाई भेटन, चाकाची खुर्ची भेटन, माह्यानं होईन. माय म्हणते मले, तिले आश्रमात कशी टाकू?"

"मग हा अंगठा कोणाचा आहे?" मी विचारले. उत्तर समजले होते, तरी विचारले.

तिने डावा हात टेबलावर ठेवला. अंगठ्यावर तिरपी, पांढुरकी खूण होती. तूर सोंगताना विळा लागला की राहते तशी. मी रजिस्टर जवळ ओढले. सातही ठशांवर तीच तिरपी कोरी रेघ होती. ठसे ओळखायचे प्रशिक्षण घेतलेला मी, सात महिने त्या रेघेच्या दोन बोटे खाली सही करत होतो.

"रेशनच्या लाइनीत होती मी," ती म्हणाली. "शिपाईदादा म्हणे, सासू नाही आली तं तू लाव, कोण पायते. मी लावला. मले काय मालूम, माह्या अंगठ्यानं बुढी कागदावर चालाले लागन."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे चोरच खुर्चीत बसून संन्याशाची उलटतपासणी घेत होता. महिला आरक्षक उठून बाहेर गेली. मला तिच्या नजरेला नजर द्यावी लागली नाही, याचेच बरे वाटले.

सुनेला जीपमध्ये बसवून मी स्वतः दवाखान्यात नेले. तिने वरण-भात कालवला, पहिला घास स्वतः खाल्ला, तोंड उघडून दाखवले. म्हातारीने तिच्या गालावर हात फिरवला आणि लहान मुलासारखा आ केला. मी दारात टोपी हातात घेऊन उभा होतो. गाठीला आतून कापूस का लावला होता, ते मला तेव्हा कळले. दोघींना घरी पोचवले आणि फोडलेल्या कुलपाच्या जागी नवीन कडी लावून दिली. आपण फार मोठे मन दाखवतो आहोत, असे तेव्हाही मनाच्या एका कोपऱ्यात वाटत होते. पोलिसाची सवय जाता जात नाही.

आता जे लिहिणार आहे ते मी बायकोलाही सांगितले नव्हते.

रात्री ठाण्यात परतल्यावर दोन कागद करायचे होते. पहिला सोपा होता, तक्रारीत तथ्य आढळले नाही. दुसरा तहसिलीला पाठवायचा नवीन अहवाल. त्यात एक ओळ पुरली असती, की आधीचे सात अहवाल खोटे आहेत, आमचा माणूस त्या घरी कधीच गेला नाही. बीटचा आरक्षक समोर उभा होता. तोच म्हणाला, "साहेब, खरं लिहून टाका. माही चूक लिहा."

मी म्हणालो, "तुह्या चुकीखाली माही सही आहे." आणि लिहिले: वृद्धेची प्रकृती अलीकडे खालावल्याने ती चालण्यास असमर्थ आहे, तरी घरी तपासणी व्हावी. 'अलीकडे' या एका शब्दाने माझे सातही अहवाल खरे राहिले. नोकरीत शिकलेली सगळी अक्कल मी त्या शब्दात ओतली होती.

काम झाले, हे खरे. डॉक्टर घरी आले, प्रमाणपत्र मिळाले, पुढे एका शिबिरात चाकाची खुर्चीही मिळाली. एका पेपरात फोटो छापून आला. खुर्चीत म्हातारी, खुर्चीची मूठ धरून मी, वर पोलिसांच्या माणुसकीचा मथळा. सून फोटोत नव्हती, चौकटीत मावली नाही म्हणे. ते कात्रण मी जपून ठेवले. नंतर बदली झाली, सत्कार झाले, शाल-नारळ झाले आणि मी निवृत्त होऊन पांढुर्ण्याला राहू लागलो.

मागच्या वर्षी एका लग्नात तो बीटचा आरक्षक भेटला, आता हवालदार झालेला. पंगतीत शेजारी बसला. बोलता बोलता म्हणाला, "साहेब, ती बुढी गेली. दिवाळीच्या आधी."

"सुटली," मी म्हणालो.

"बुढी सुटली. सून नाही सुटली." त्याने भात कालवता कालवता सांगितले. तेराव्याच्या दिवशी नणंदेने भर मांडवात विचारले, माझी आई चालती-फिरती होती, ही तिला बांधू लागली तेव्हापासून खालावली ना? प्रमाणपत्राच्या कागदांतून माझ्या त्या अहवालाची प्रत निघाली. समोरच्या गुरुजींनी चष्मा लावून ती सगळ्यांना वाचून दाखवली. पोलिसांनीच लिहिले आहे, 'अलीकडे खालावली'. नवरा तेव्हापासून तिच्याशी धड बोलत नाही. गल्लीतल्या बायका हळदी-कुंकवाला बोलवत नाहीत. ज्या बाईने सासूच्या आधी घास खाल्ला, तिच्या माथी माझ्या एका शब्दाने म्हातारीचा जीव घेतल्याचा डाग लागला होता.

मी ताटावरून उठलो. हवालदार म्हणाला, "साहेब, जिलेबी यायची आहे." मला त्याचाही राग आला, आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

या प्रकरणाने काय शिकवले, असे तरुण अधिकारी विचारतात. मी सांगतो की गुन्हेगाराचे खोटे पकडणे सोपे असते, कारण तो घाबरलेला असतो. सरकारी खोटे घाबरत नाही. त्याला शिक्का असतो, जावक क्रमांक असतो आणि ते पोस्टाने व्यवस्थित पोचते. म्हाताऱ्या-अपंगांसाठी केलेली प्रत्येक योजना शेवटी एका माणसाने कुणाच्या तरी दारापर्यंत चालत जाण्यावर उभी असते. मी चालत गेलो नाही, आणि दुसऱ्यालाही जाऊ दिले नाही. माझ्या हाताखाली अनेक प्रकरणे उघड झाली, पण घरी बसून डोळे मिटले की मला हेच दिसते.

त्या लग्नानंतर आठ दिवसांनी मी कोऱ्या कागदावर सगळे लिहिले, सही केली आणि एक प्रत तहसिलीला दिली. तिथल्या तरुण बाबूने ती उलटसुलट पाहून विचारले, "हे कोणत्या शाखेत घेऊ?" पोच मात्र दिली. दुसरी प्रत घेऊन मी सौंसरची बस धरली आणि तिथून त्या गावी गेलो.

ती अंगणात तूर पाखडत होती. चाकाची खुर्ची ओसरीत भिंतीला लावलेली, तिच्यावर घडी केलेले गोधडे. मला साध्या कपड्यांतही तिने ओळखले. उठली, सूप बाजूला ठेवले, पदराला डावा हात पुसला आणि अंगठा पुढे केला.

"रजिस्टर आणलं काय, साहेब? बुढी तं गेली. आता कोणाचा पाहिजे?"

ती टोमणा मारत होती की खरेच विचारत होती, हे मला आजही सांगता येणार नाही. तोंडावर हसू नव्हते.

"ताई, अंगठा घ्यायला नाही आलो," मी म्हणालो. "तुम्हाला हा कागद द्यायला आलो." तिला ताई म्हणायला मला इतकी वर्षे लागली.

"मले कुठं वाचता येते? वाचा तुम्हीच."

मी ओसरीत बसून वाचू लागलो. तिने हात वर करून थांबवले. "असं नाही. अंगणात उभं राहून वाचा. गुरुजीच्या घरापर्यंत गेलं पाहिजे."

मी अंगणात उभा राहिलो. वाचले की सात महिने आमचा एकही माणूस या घरी आला नाही, रजिस्टरमधले अंगठे म्हातारीचे नव्हते, ही कल्पना माझी होती, म्हातारी पहिल्यापासून चालण्या-समजण्याच्या पलीकडे गेलेली होती, आणि 'अलीकडे खालावली' हे मी स्वतःची नोकरी वाचवण्यासाठी खोटे लिहिले. या बाईने सासूची सेवा केली, तिचा काहीही दोष नाही. शेजारच्या बाया दारात आल्या. समोरच्या ओट्यावर गुरुजी पेपर हातात धरून उभे राहिले. खाली माझे नाव आणि हुद्दा होता. बंदोबस्तात माझा आवाज अख्ख्या बाजाराला ऐकू जाई; ती ओळ मात्र मी पुटपुटलो.

"शेवटचं नाही आलं ऐकू," ती म्हणाली. "पुन्हा वाचा."

मी पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचले, नावासकट.

तिने कागद घेतला, उलटा-सुलटा पाहिला आणि खालच्या सहीवर तोच रेघेचा अंगठा ठेवून विचारले, "ही सही तुमचीच आहे न, साहेब? का दुसऱ्या कोणाच्या हातानं केली?"

"माझीच आहे, ताई," मी म्हणालो.